धरमकाटा

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांत बाहेरच्या खोलीत बहुधा एखादी वचनाची पाटी दिसते. कधी ती काचेच्या चौकटीत असते, कधी दिनदर्शिकेच्या माथ्यावर छापलेली, तर कधी लग्नात आहेर म्हणून आलेल्या भिंतीवरच्या घड्याळावर. वचने निरनिराळी असतात. पण त्यांत एक पुन्हा पुन्हा भेटते. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’च्या तेराव्या अध्यायातले ते आठवे वचन. ख्रिस्त पूर्वी होता तोच आज आहे आणि पुढेही त्याच्यात फरक पडणार नाही, असा त्याचा आशय. घरातल्या लेकरांना वाचता येऊ लागले की पहिल्यांदा अडखळत वाचले जाते ते बहुतेक हेच.

आमच्या मलकापूरकडच्या भागात या वचनाला एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव या रेल्वेकाठच्या पट्ट्यात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी मिशनने काम सुरू केले. या चळवळीचे संस्थापक अल्बर्ट बेंजामिन सिम्प्सन. त्यांच्या शिकवणुकीचे चार खांब होते: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा. ‘इब्री’तले हे वचन तर त्यांना इतके प्रिय होते की, त्याच्या आधारे त्यांनी एक गीतच रचले आणि ते त्या मंडळ्यांची जणू ओळख होऊन बसले. तेव्हा आमच्या भिंतीवरची पाटी ही केवळ शोभेची वस्तू नाही. ती चार-पाच पिढ्यांची शिदोरी आहे.

देव बदलत नाही, ही कल्पना आमच्या हिंदू शेजाऱ्यांनाही परकी वाटायचे कारण नाही. पंढरीचा विठोबा विटेवर किती युगे उभा आहे, हे महाराष्ट्रात शाळेत न गेलेला माणूसही सांगेल. ज्याच्यावर भार टाकायचा तो आपल्यासारखा आज एक आणि उद्या एक असा नसावा, ही सगळ्याच भाविकांची गरज असते. तेव्हा वचनाविषयी तक्रार नाही. प्रश्न आहे तो त्या ‘तोच’चा अर्थ कोण लावतो आणि तो अर्थ खरा की खोटा हे कोणी, कशाने पाहायचे, हा.

हा प्रश्न घरगुती आहे, म्हणूनच तो रविवारच्या पानावर मांडते आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात बाहेरगावच्या उपदेशकांच्या आरोग्यसभा वाढल्या आहेत. मांडव पडतो, कर्णे लागतात, वाद्यवृंद येतो. ज्यांना सभेला जाता येत नाही त्यांच्याकडे तेच उपदेश मोबाइलवर पोचतात. त्यातले सगळेच लबाड असतात असे मी म्हणणार नाही. कित्येकांच्या मनात खरी कळकळ असते आणि एकट्या पडलेल्या माणसाला अशा प्रार्थनेने धीर मिळतो, हेही मी पाहिले आहे. पण तिथे वारंवार ऐकू येणारा युक्तिवाद असा: ख्रिस्ताने त्या काळी आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना शुद्ध केले, ख्रिस्त तर बदलत नाही, मग आजही तो तुम्हाला बरे करणारच. ऐकायला हे अगदी बिनतोड वाटते. त्याची पुढची पायरी मात्र व्यासपीठावरून हळू आवाजात सांगितली जाते, किंवा सांगितलीही जात नाही आणि तरी ऐकणाऱ्याच्या मनात जाऊन बसते. तो बदलत नाही आणि तुम्ही तर बरे झाला नाहीत. म्हणजे खोट तुमच्या विश्वासात आहे.

माझ्या एका मावशीने अशाच एका सभेहून आल्यावर साखरेच्या आजारावरचे इंजेक्शन बंद केले. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे तिथे आलेल्या एका ब्रदरने सांगितले होते. पायाला साधी ठेच लागलेली. ती चिघळली. मुलांनी हातापाया पडून दवाखान्यात नेले तोवर दोन बोटे काढावी लागली. बोटे गेली त्याचे तिला फारसे दुःख नव्हते. दुसरेच शल्य तिला लागून राहिले. “माह्याच इस्वासात कमी असीन वं माय,” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. साठ वर्षे न चुकता उपासनेला जाणारी, दारात आलेल्याला कधी विन्मुख न पाठवणारी ही बाई आयुष्याच्या शेवटी स्वतःला देवापुढे अपराधी समजू लागली. मला विचाराल तर तिच्या पायापेक्षा ही जखम खोल होती.

अशा वेळी आपण काय करतो? जे श्रद्धाळू नाहीत ते हसतात आणि ‘सगळे थोतांड’ म्हणून मोकळे होतात. जे श्रद्धाळू आहेत ते गप्प बसतात. कारण देवाच्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे देवालाच प्रश्न विचारणे, असे त्यांना वाटते. दोन्ही बाजूंनी मावशीच्या हाती काहीच लागत नाही. माझे म्हणणे असे की, तिच्या हाती द्यायची गोष्ट तिच्याच उशाशी होती. ज्या पुस्तकातले वचन तिला ऐकवले गेले, तेच पुस्तक उघडून ते वचन वाचायचे आणि त्याच्या मागचे व पुढचेही वाचायचे.

तेराव्या अध्यायात आठव्या वचनाच्या आधी सातवे येते. त्यात लेखक वाचकांना आपल्या जुन्या पुढाऱ्यांची आठवण ठेवायला सांगतो. त्यांच्या जगण्याचा शेवट कसा झाला ते पाहा आणि त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवा, असे म्हणतो. आणि नववे वचन? तऱ्हेतऱ्हेच्या नवनव्या शिकवणींनी वाहवत जाऊ नका, असा त्यात इशारा आहे. म्हणजे ख्रिस्त बदलत नाही हे वाक्य उपदेशकाच्या हाती दिलेला चमत्काराचा परवाना म्हणून आलेलेच नाही. माणसे येतात आणि जातात, शिकवणी रोज नव्या निघतात. या धावपळीत एक स्थिर खूण दाखवण्यासाठी ते आले आहे. ज्या वचनाने नवलाईच्या शिकवणुकीपासून सावध करायचे, तेच वचन नवलाईच्या शिकवणुकीची जाहिरात म्हणून वापरले जावे, हा विपर्यास आहे. तो ओळखायला ग्रीक भाषा यावी लागत नाही. अलीकडची आणि पलीकडची अशी दोन वचने वाचली की पुरे.

देवाच्या न बदलण्याविषयी जुन्या करारातले सर्वांत ठळक विधान मलाखी संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात, सहाव्या वचनात आहे. हा अध्याय आमच्या मंडळ्यांत दुसऱ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. त्यातले दहावे वचन दशमांशाविषयी आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा भांडारात आणा, मग देव आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते पाहा, असा त्याचा भाव. देणगी गोळा करताना हे दहावे वचन हटकून वाचले जाते. पाचवे वाचलेले मी फार क्वचित ऐकले आहे. पाचव्या वचनात देव न्याय करायला येतो तो कोणाविरुद्ध? जादूटोणा करणारे, व्यभिचारी आणि खोटी शपथ वाहणारे यांच्याविरुद्ध. तसेच मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथ यांना नाडणारे आणि परक्या माणसाचा हक्क हिरावणारे यांच्याविरुद्ध. त्याला लागूनच तो म्हणतो की आपण बदलत नाही, म्हणूनच तुम्ही अजून नष्ट झाला नाहीत. म्हणजे देवाचे न बदलणे याचा अर्थ या अध्यायापुरता तरी स्पष्ट आहे. दुबळ्याची बाजू घेणे तो सोडत नाही आणि चुकलेल्यांवरची त्याची दयाही आटत नाही. विधवेच्या पेन्शनीतून ‘पेरणी’ म्हणून पैसे मागणाऱ्याने आधी पाचवे वचन मोठ्याने वाचावे आणि मग दहाव्याकडे वळावे.

चिकित्सक वाचक इथे मला थांबवील. देव बदलत नाही म्हणता, पण त्याच शास्त्रात देवाला पस्तावा झाल्याचे लिहिले आहे, त्याचे काय? शंका रास्त आहे. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात तर गंमतच आहे. अकराव्या वचनात शौलाला राजा केल्याचे देवाला वाईट वाटते. एकोणतिसाव्या वचनात शमुवेल शौलाला बजावतो की, देव काही माणूस नव्हे मन बदलायला. आणि पस्तिसाव्यात पुन्हा देवाला वाईट वाटल्याची नोंद. एकाच अध्यायात, एकाच लेखणीने! लिहिणारा इतका भोळा असेल का, की त्याला स्वतःचीच वाक्ये जुळेनात? मूळ हिब्रूत तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे आणि त्यात दुःख होणे, कळवळणे, मन वळणे अशा अनेक छटा आहेत. दिलेला शब्द लहरीखातर फिरवणे वेगळे आणि समोरच्याच्या वागण्याने व्यथित होणे वेगळे, असे हा अध्याय सुचवतो.

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात तर हा नियमच सांगितला आहे. कुंभाराच्या घरी नेऊन देव त्याला समजावतो: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असे मी म्हटले आणि ते राष्ट्र वाईटापासून फिरले, तर मीही नाश आवरता घेईन, भले करीन म्हटले आणि ते वाईटाकडे वळले, तर तेही आवरीन. योनाच्या गोष्टीत नेमके हेच घडते. निनवे शहर पश्चात्ताप करते, नाश टळतो आणि योना रुसून बसतो. त्याची तक्रार काय, तर देव दयाळू आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक होते! निनवे बदलले, शिक्षा बदलली. देवाचा स्वभाव तोच राहिला.

हे ध्यानात घेतले की आरोग्यसभेतल्या युक्तिवादाची मेख सापडते. स्वभाव न बदलणे आणि प्रत्येक वेळी तीच कृती करणे, या दोन गोष्टी तिथे एक समजल्या जातात. आई तीच असते. पण एका लेकराला ती गोड देते आणि दुसऱ्याला त्याच दिवशी लंघन घालते.

शास्त्रातलीच उदाहरणे पाहू. प्रेषित पौल स्वतःच्या शरीरातल्या एका काट्याविषयी लिहितो. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य पोटाच्या दुखण्याने वारंवार आजारी पडे. पौल त्याला ‘विश्वास वाढव’ असे लिहीत नाही. थोडा द्राक्षारस घेत जा, असा त्या काळचा घरगुती उपाय सुचवतो. त्रफिमाला तो मिलेत गावी आजारी सोडून पुढे गेला. एपफ्रदीत मरणाच्या दारी जाऊन आला. या चौघांच्या विश्वासात खोट होती असे म्हणण्याची कोणा ब्रदरची छाती आहे का? पौलाच्या सोबत्यांत तर लूक नावाचा वैद्यच होता. आणि हिज्कीया राजाची गोष्ट पाहा. तो बरा होईल असे देवाचे अभिवचन मिळाल्यानंतरही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितले. अभिवचन खरे आणि लेपही खरा. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असे याकोबाचे पत्र सांगते. औषध फेकून द्या, असे ते सांगत नाही. उलट याच श्रद्धेतून १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय उभे राहिले आणि १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावोगावच्या बायकांच्या हाती आरोग्य सोपवले.

आता दुसरा प्रश्न. हे तपासण्याचा अधिकार कोणाचा? पाळकसाहेबांचा की धर्मविद्यालयात शिकून आलेल्यांचा? साध्या बाईने, शेतमजुराने उपदेशकाला ‘कुठे लिहिले आहे, दाखवा’ असे म्हणणे उद्धटपणाचे नाही का?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावची माणसे भेटतात. त्यांच्यासमोर उपदेश करणारा खुद्द पौल होता. तरी ही माणसे रोज शास्त्र उघडून, तो सांगतो ते तसेच आहे का, हे पाहत बसत. यासाठी लेखक त्यांना नावे ठेवत नाही. मोठ्या मनाची म्हणून त्यांची वाखाणणी करतो. थेस्सलनीकाकरांस पत्रात तर सगळेच पारखून घ्या आणि चांगले ते धरून ठेवा, असा सरळ आदेश आहे. बिरुयाकरांनी पौलाला तपासले, तर तुमच्या-माझ्या गावी आलेल्या ब्रदरला तपासणे हा अपमान कसा?

मराठी मुलखात हा अधिकार सर्वांत धीटपणे बजावला तो एका बाईने. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२). वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरीच त्या संस्कृत शिकल्या. पुराणे सांगत भारतभर पायी हिंडणे हेच त्यांचे बालपण. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी धर्मग्रंथांत काय लिहिले आहे, हे त्यांनी स्वतः वाचले आणि त्या अस्वस्थ झाल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथवरची हकीकत बहुतेकांना माहीत असते. त्यानंतरचे फारसे सांगितले जात नाही.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी नव्या धर्माच्या आचार्यांनाही तेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना त्या पंचविशी-सत्ताविशीतल्या विधवेच्या निर्भयतेचे नवल वाटते. परका देश, आश्रय दिलेला तोही त्याच लोकांनी, पदरात लहानगी मनोरमा. तरी त्रैक्याविषयी चर्चचे मतपत्र जसे सांगते तसे मला बायबलात दिसत नाही, असे त्या स्वच्छ लिहितात. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्येच का, माझ्या संस्कृतात का नाही, असे विचारतात. मायदेशी पुरोहितांचे जोखड उतरवून आले ते दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या सगळ्या पत्रांचा सूर आहे. जेराल्डीनबाईंना हा अहंकार वाटला. आज वाचणाऱ्याला त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

पुढे काय झाले हेही सांगायला हवे, नाहीतर चित्र अर्धे राहील. ज्या सिद्धांतांवर त्यांनी वाद घातला त्यांतले बरेचसे रमाबाईंनी नंतर स्वतःहून स्वीकारले. १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा निष्कर्षाला त्या आल्या. त्यांचा हा स्वीकार वाचून, तपासून आणि स्वतःच्या पायांनी चालून आलेला होता. म्हणूनच तो पुढे केडगावच्या मुक्तिसदनाचा भार पेलू शकला.

वऱ्हाडाशी त्यांचा एक धागा आहे. आपल्या भागात अलायन्स मिशनचे काम केलेल्या जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांवरच्या अन्यायाविषयी १९०० साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याला प्रस्तावना रमाबाईंची आहे.

मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली होत्या. त्या वाचायला शिकत होत्या. मराठी बायबल तेव्हा नवे नव्हते. सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ सालीच निघाला होता आणि नंतर सुधारलेली भाषांतरेही झाली होती. पण त्यांची भाषा या खेड्यातल्या मुलींच्या पचनी पडत नाही, असे रमाबाईंना आढळले. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातची. हे काम शेवटच्या टप्प्यात असताना, १९२१ साली, मनोरमा गेली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते जवळपास हातावेगळे झाले होते. १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. उपदेशकाने सांगितलेले मुलींना स्वतः ताडून पाहता यावे, याची सोय एका बाईने आयुष्याची वीसेक वर्षे खर्चून करून ठेवली.

आणि एक गोष्ट. रमाबाईंना कमी ऐकू येई. इंग्लंडला त्या वैद्यकी शिकायला गेल्या होत्या. बहिरेपणामुळे ते स्वप्न सोडावे लागले. पुढे हा दोष वाढतच गेला. ज्यांच्या आश्रमात १९०५ साली प्रार्थनेची लाट उसळली आणि तिची वार्ता दूरच्या देशांत पोचली, त्या बाईचे स्वतःचे कान अखेरपर्यंत बरे झाले नाहीत आणि एकुलती एक मुलगीही त्यांच्या आधी गेली. बरे होणे हीच विश्वासाची मोजपट्टी असेल, तर रमाबाई नापास. मला वाटते, मोजपट्टीच चुकीची आहे. मावशीला मी हेच सांगत असे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येकजण पुस्तक उघडून स्वतःचा अर्थ लावू लागला तर दहा माणसांचे अकरा पंथ होतील. झालेही आहेत. शिवाय वचने दाखवून गुलामगिरीचे समर्थन करणारेही याच पुस्तकाचे वाचक होते. मग नुसते वाचून काय साधते? याच शंकेपोटी कित्येक थोर माणसांनी एकट्याच्या वाचनापेक्षा मंडळीच्या परंपरेवर भर दिला. नीळकंठशास्त्री गोरे हे त्यांतले एक. काशीच्या या मराठी पंडिताने १८४४ च्या सुमारास ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. पण खंडनासाठी सुरू केलेला अभ्यास त्यांना १८४८ साली बाप्तिस्म्यापर्यंत घेऊन गेला. पुढे ते चर्चच्या परंपरेला घट्ट धरून राहिले. तपासणारा माणूस परंपरेचा शत्रूच असतो असे नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

माझे उत्तर असे की, पारख करायलाही रीत लागते. आपल्या संतांनाही ती ठाऊक होती. ज्ञानेश्वरीत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडत गेले, तेव्हा एकनाथांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत तयार केली. ज्ञानेश्वरांवर त्यांचा विश्वास नव्हता, असे कोणी म्हणेल का? विश्वास होता म्हणूनच, त्यांच्या नावावर कोणाचेही शब्द चालू नयेत याची त्यांना फिकीर होती.

महामार्गावरून मलकापूरला येताना जागोजाग ‘धरमकाटा’ अशी पाटी दिसते. मालमोटारींचे वजन करण्याच्या काट्याला आपल्याकडे असे नाव आहे आणि ते मला फार आवडते. कापूस कोणाचा, गाडी कोणाची, मालक किती वजनदार, याच्याशी त्या काट्याला कर्तव्य नसते. आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली, आणि फरक तो माल. पण त्या काट्यावरही वैधमापन खात्याच्या निरीक्षकाची तपासणी आणि शिक्का असावा लागतो. तो निरीक्षक कशाने तपासतो? प्रमाणित वजनाने. ते वजन आज एक आणि उद्या एक भरू लागले तर सगळा बाजार बुडेल. जुन्या करारातल्या अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात, पिशवीत हलके आणि जड अशी दोन वजने ठेवू नका, असे बजावले आहे. नीतिसूत्रांनी तर अशा दुहेरी मापांना देवाचा वीट असल्याचे म्हटले आहे. स्वतःच्या आजारासाठी शहरातले मोठे इस्पितळ आणि श्रोत्यांच्या आजारासाठी नुसता विश्वास, असे ज्याचे वागणे असेल, त्याच्या पिशवीत ही दोन वजने आहेत.

तेव्हा सभेहून घरी आल्यावर चहा पिता पिता कुटुंबाने मिळून चार गोष्टी पाहाव्यात. सांगितलेले वचन कुठले आणि त्याच्या मागेपुढे काय आहे? याच विषयावर शास्त्रात दुसरीकडे काही वेगळे सांगितले आहे का? या शिकवणुकीचा भार कोणावर पडतो, ऐकणाऱ्याच्या शरीरावर आणि गाठीवर, की सांगणाऱ्यावर? आणि प्रश्न विचारल्यावर सांगणारा पुस्तक उघडतो की डोळे वटारतो? हे एकट्याने करू नये. घरातल्या म्हाताऱ्यांसह आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांसह करावे. म्हाताऱ्यांना वचने पाठ असतात, मुलांना शंका येतात आणि दोघांचे जमले की चांगला अभ्यास होतो.

कायद्याने आपले काम केले आहे. १९५४ पासून जादूटोण्याच्या औषधी जाहिरातींवर बंदी आहे. साप-विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरला आहे. पण गोळी घ्यायची की ठेवायची, हे रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरात ठरते आणि तिथे पोलीस पोचत नाहीत. तिथे पोचते ते भिंतीवरचे वचन.

आमच्या मंडळ्यांच्या वडिलांकडे माझे एकच मागणे आहे. पुढच्या वेळी बाहेरून उपदेशक बोलावाल तेव्हा मांडवाबरोबर श्रोत्यांच्या हाती पुस्तकेही द्या. उपदेश झाल्यावर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा आणि पहिला प्रश्न बायकांना विचारू द्या. ज्याची शिकवण खरी आहे त्याला याची भीती वाटणार नाही. आणि आजारी माणसासाठी प्रार्थना करून झाली की त्याच्या उशाशी बसून एवढे जरूर विचारा: “आजची गोळी घेतली का?”